नाटकाच्या पैशातला सेंटर फॉरवर्ड

५ सप्टेंबर
मंडळाची सभा. ठराव माझ्या बाजूने मंजूर. (जिंकणं हा माझा हेतू नव्हता. गावाचं हित हा हेतू होता.)
दर वर्षी तलावाच्या मासळीचा पैसा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्रीच्या नाटकावर जातो. सकाळी सगळे डोळे चोळत घरी. हाती काय? मी मांडलं की यंदा त्याच पैशात नागपूरचा सेंटर फॉरवर्ड आणू, आणि इतकी वर्षं हुकलेला हॉकीचा तलाव कप एकदाचा गावात ठेवू.
भय्याजींचा विरोध. "नाटक नाही त मंडई कायची व पोरी? पाव्हण्यायले का हाकीची काठी दाखवाची?" नाटकाआधी पडद्यापुढे नारळ दर वर्षी तेच फोडतात. त्यामुळे त्यांचं मत वैयक्तिक धरलं पाहिजे.
मी जाहीर केलं की कप आला नाही तर सचिवपद सोडेन. टाळ्या पडल्या. पदाचा मला मोह नाही. मंडळात मुलगी सचिव मी पहिलीच, एवढीच नोंद.
बाबा अध्यक्ष आहेत, म्हणून त्यांनी मत दिलं नाही. असा तोल सगळ्यांना जमत नाही.

८ सप्टेंबर
इश्वरला फोन केला. हाच तो सेंटर फॉरवर्ड. व्हिडिओत एका मॅचमध्ये पाच गोल मारताना पाहिला आहे. व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा तपासला, पाचही त्याचेच.
त्याने एकच गोष्ट विचारली, "ग्राउंड कसं हाय?" मी खिडकीतून पाहिलं आणि सांगितलं: हिरवं आहे, सपाट आहे, रोज पाणी असतं. तो एकदम खूश. म्हणाला, बरं झालं, साध्या मैदानावर तो खेळतच नाही, फक्त टर्फवर. लगेच हो म्हणाला.
शब्दन् शब्द खरा. ग्राउंड म्हणजे आमच्याच दोन बांध्या, धानाची शेतं. धान कापलं की मधला धुरा (बांध) फोडायचा, रोलर फिरवायचा आणि खेळायचं. सध्या त्यात धान उभं आहे. "मॅचच्या वेळी कसं असते" असं त्याने विचारलं असतं, तर तेही सांगितलं असतं.
चौथीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं. (शाळेला जायचं तर तलावाच्या पाळीवरून जावं लागे आणि मला पाण्याची भीती होती.) त्यांचा पहिला धडा: खोटं बोलायचं नाही, आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

९ सप्टेंबर
झोप नीट लागली नाही. कालचं वाक्य पुन्हा तपासलं. "सपाट" जरा अडतंय. मध्ये धुरा आहे. पण धुरा फुटणारच. ठीक.

२६ ऑक्टोबर
इश्वर आला. करारात राहणं-जेवण आमच्याकडे. सोबत दोन स्टिका, एक जोड बूट, एक फवारा. फवारा गुडघ्यावर मारायचा असतो म्हणे.
चहा झाल्याबरोबर म्हणाला, ग्राउंड पाहून येऊ. मी नेलं. धान पिवळं होऊन वाकलेलं. तो धुऱ्यावर उभा राहिला. "कुठं हाय?" मी म्हटलं, हेच. "हे?" मी म्हटलं, कापणी पुढच्या आठवड्यात.
तो वळून घराकडे चालू लागला. खेळाडू मितभाषी असतात.
कैलाश, माझा धाकटा भाऊ, आजवर सेंटर फॉरवर्ड खेळायचा. आता त्याला कडेला जावं लागेल. त्याने रात्री जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. मोठेपणी समजेल.

३ नोव्हेंबर
कापणी. इश्वर म्हणाला, नुसतं बसून कंटाळा येते, मी पण कापतो. पहिल्याच पेंढीला बोट कापून घेतलं. आईने हळद भरली, वर दुधातून हळद दिली आणि दिवसभर "लेकरू लेकरू" केलं. आई कैलाशला बोट कापल्यावर "विळा धुऊन ठेव" म्हणते.
मला राग आलेला नाही. पण गावाने सेंटर फॉरवर्ड आणला आहे, त्याच्या बोटावर गावाचा हक्क आहे. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, स्टिक डाव्या हातानं पण पकडाची असते, मले माहीत हाय." उद्धटपणाची नोंद घेतली.

९ नोव्हेंबर
आमच्या गावची मंडई. दुकानं लागली, शिंगाडे, ऊस, सगळं होतं. नाटक नव्हतं.
पाहुणे जेवले, पान लावलं आणि मांडव शोधत गावभर फिरले. भय्याजी प्रत्येकाला आमच्या दाराशी आणून सोडत होते. "नाटक पाहाचं हाय ना जी? ह्या घरात हाय. जेवून राहिलं."
मी माइकवरून इश्वरचा सत्कार जाहीर केला. तो स्टेजवर उभा राहिला. स्टिक, शाल, श्रीफळ. पुढच्या रांगेतल्या जनाबाईंनी विचारलं, "हा गाणं म्हणते का?" म्हटलं, नाही. "मंग नाचते?" म्हटलं, नाही. जनाबाई पोतं झटकून उठल्या. त्यांच्यामागे रांगच्या रांग उठली.
रात्री हिशोब मांडून मन शांत केलं. नाटक एक रात्र. खेळाडू दीड महिना. रात्रीमागे काढलं तर इश्वर फारच स्वस्त पडतो. हे भय्याजींना सांगायला हवं होतं. त्या वेळी सुचलं नाही.

१६ नोव्हेंबर
पहिली मॅच, सानगडी. बरोबरी, एक-एक. गोल कैलाशचा.
इश्वरने काय केलं: चेंडू ढकलायला गेला, चेंडू धसकटावरून उडाला. पुन्हा ढकलायला गेला, पुन्हा उडाला. आमची पोरं चेंडू उचलून मारतात. हा जमिनीला धरून बसला आहे. मध्यंतरात कैलाशला म्हणाला, "भाऊ, इथं पास कसा देऊ? चेंडू कुठं जाईल ते चेंडूले पण माहीत नाही." कैलाश म्हणाला, "आमाले माहीत असते."
सर्वांसमोर मी इश्वरची बाजू घेतली. नवीन माणसाला वेळ द्यावा.

१७ नोव्हेंबर
गोलमागे खर्च काढायला बसले. शून्याने भाग जात नाही. ठेवून दिलं.

२० नोव्हेंबर
पानठेल्यावर दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो पैसा पाण्यात गेला. दुसरा म्हणतो पाण्यात असता तर मासे तरी झाले असते. माझ्या बाजूचा पक्ष सध्या ठेल्यावर येत नाही.
मी दोन्ही बाजू निःपक्षपणे तपासल्या. निष्कर्ष: निर्णय बरोबर होता, माणूस चुकीचा निघाला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक गल्लत करतात.

२३ नोव्हेंबर
दुसरी मॅच, चिखला. खाणीतल्या कामगारांची टीम, पायांत नुसती ताकद. दोन-एक. हरलो. कैलाशचाच गोल.
बरोबरी होऊ शकत होती. गोलकीपर पडलेला, समोर मोकळा गोल, इश्वर एकटा. चेंडू खेकड्याच्या बिळात गेला. इश्वर गोल गोल फिरून शोधतोय. आमच्या पोरांना बीळ कुठे आहे ते लहानपणापासून पाठ आहे, पण कोणी सांगेना. शेवटी चिखल्याच्या बॅकने हात घालून चेंडू काढला आणि पळाला.
माइकवर भय्याजी: "पाच गोलवाले साहेब खेकडे पकडून राहिले. संध्याकाळी रस्सा हाय, समद्यायनं या."
लोक हसले. आईसुद्धा हसली. मला माणसाचं हसं झालेलं बघवत नाही, पण हा हसं करून घेतो त्याला कोण काय करणार.
इश्वरने जेवताना तीन वेळा भात घेतला.

२५ नोव्हेंबर
महत्त्वाचा पुरावा हाती.
समाजमंदिरात सतरंज्या मोजायला गेले होते. आत नव्या फरशीवर इश्वर एकटा. चेंडू स्टिकला चिकटवल्यासारखा. खांबांमधून इकडून तिकडे, उलटा, सुलटा, न बघता. दाराशी उभी राहून पाहिलं. असं मी फक्त व्हिडिओत पाहिलं होतं.
म्हणजे त्याला येतं. म्हणजे बांधीत तो मुद्दाम खेळत नाही.
हे कळल्यावर इतके दिवस मी त्याची बाजू घेत होते याचं वाईट वाटलं. माणसावर विश्वास टाकण्याचा माझा स्वभावच घात करतो.

२६ नोव्हेंबर
त्याला तोंडावर विचारलं, फरशीवर जमतं मग शेतात काहून नाही? तो म्हणाला, "ताई, शेत हाय म्हणून." (मॅडमचं ताई कधी झालं?) मग अर्धा तास टर्फचं कौतुक. टर्फवर मॅचच्या आधी पाणी मारतात, मग चेंडू सरळ सरकतो, उडत नाही.
सबब आहे हे उघड. तरी ऐकून घेतलं. पाणी मारतात, हे नवीन कळलं.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
उद्या शेवटची मॅच, दिघोरीशी. बाकीच्या गावांचे निकाल आमच्या सोयीने लागले आहेत; तीन गोलांनी जिंकलो तर कप आमचा. गणित तपासलं.
आता त्याला सबब उरणार नाही. मोटर चालू केली आहे. दोन्ही बांध्यांना पाणी. टर्फवर पाणी चालतं तर इथेही चालेल. शिवाय मी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, रोज पाणी असतं, ते आता अगदी पूर्णपणे खरं होईल. मनावरचं बारीकसं ओझंही उतरेल.
कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.
मोटर तासाभरात बंद करायची आहे.

३० नोव्हेंबर, पहाटे
मोटर बंद करायची राहिली.

३० नोव्हेंबर
दिघोरी चार, आम्ही शून्य.
सकाळी गाव बांधीच्या काठावर जमला तेव्हा गुडघ्याखाली नुसता चिखलाचा गारा झाला होता. भय्याजी माइकवर: "रोवणा कराचा का व सचिवबाई? धानाचे पऱ्हे आणू का लावाले?" दिघोरीच्या पोरांनी बूट काढले, पँट वर घेतली आणि उतरली. जन्मभर याच चिखलात रोवणी केलेली पोरं, ती पळत होती. चेंडू तरंगला तर तरंगला, नाही तर हाताने उचलून पुढे टाकायचा. रेफरी काठावरून खाली उतरलाच नाही.
इश्वर मधोमध रुतला. दोन पोरांनी काखेत हात घालून बाहेर काढला. त्याचा एक बूट अजून आत आहे.
पाणी कसं सुटलं यावर मॅचनंतर बरीच चर्चा झाली. बहुमत उंदरांवर गेलं, त्यांनी धुरा पोखरला असेल म्हणून. मी चर्चेत भाग घेतला नाही.
इश्वरने गोल केला असता तर चिखलाचं कोणी नावही काढलं नसतं. हे लिहून ठेवते.

४ डिसेंबर
उद्या सभा. विषय एकच: खेळाडूचा करार योग्य होता का. तयारी पूर्ण. मुद्दे:
नाटकाशी रात्रीमागे तुलना.
फरशीवरचा पुरावा. (जाणूनबुजून न खेळणे.)
बोट. भात. उद्धटपणा.
राजीनाम्याचा विषय निघाल्यास: मी "कप आला नाही तर" म्हटलं होतं, "या वर्षी" म्हटलं नव्हतं.
आत्मविश्वास चांगला आहे. जेवण गेलं नाही.

५ डिसेंबर
सभा समाजमंदिरात. अख्खा गाव. जनाबाईही पुढे.
मी तिन्ही मुद्दे नीट मांडले. भय्याजी मध्येच म्हणाले, "भाताचा मुद्दा जाऊ दे. आमचं नाटक खाल्लं, त्याचं बोल." मी म्हटलं, खेळाडू दोषी आहे, तो जाणूनबुजून खेळला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं पटलं.
तेव्हा इश्वर मागून उठला. पायात एकच बूट, दुसऱ्या पायात कैलाशची चप्पल. म्हणाला, "मी टर्फवरचा हाय जी. तसं फोनवर बोललो होतो. ताईनं सांगितलं म्हणून आलो." एवढंच बोलून बसला.
बाबा अध्यक्षांच्या खुर्चीत होते. त्यांनी मला विचारलं, "मोना, ग्राउंडबद्दल काय सांगितलं होतं?"
मी सांगितलं. हिरवं, सपाट, रोज पाणी.
"कोणत्या महिन्यात?"
भाद्रपदात.
आधी जनाबाई हसल्या. मग सगळे. भय्याजींना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. भाद्रपदात आमच्याकडे सगळंच हिरवं, सपाट असतं आणि त्यात रोज पाणी असतं, हे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. इश्वर तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. कैलाशही हसला नाही. त्याने मान खाली घातली होती.
बाबा हसणं थांबेपर्यंत थांबले. मग विचारलं, "मॅचच्या आदल्या दिवशी पाणी कोणी सोडलं?"
मी म्हटलं, मी.
यावर कोणी हसलं नाही.
ठराव: करार रद्द, इश्वरला ठरलेलं सगळं द्यावं आणि गावातर्फे माफी मागावी. पुढच्या वर्षी नाटक. सचिव भय्याजी. एकमताने. मत मोजताना माझाही हात वर होता, कारण ठरावात चुकीचं काही सापडलं नाही.

६ डिसेंबर
इश्वर सकाळच्या एसटीने गेला. आईने चिन्नोर तांदळाचं पोतं बांधून दिलं. कैलाश त्याला सोडायला स्टँडपर्यंत गेला, आणि जाण्याआधी बांधीत उतरून कोपरापर्यंत हात घालून त्याचा बूट काढून आणला. गावातर्फे माफी मागायचं काम माझ्याकडे होतं. मी मागितली. तो म्हणाला, "ठीक हाय ताई." मग म्हणाला, "बाकी गाव चांगलं हाय तुमचं." बाकी म्हणजे काय वगळून, ते मी विचारलं नाही.

६ डिसेंबर, जेवल्यावर
लाईट गेली होती. बाबा अंगणात खाटेवर. दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. सभेतल्या गोष्टींचा राग ते घरी आणत नाहीत, तो त्यांचा नियम आहे.
मी जाऊन विचारलं, बाबा, मी खोटं बोलले का?
बाबा म्हणाले, "नाही."
मी थांबले. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. विचारलं होतं तेवढंच सांगितलं.
म्हणजे विषय संपला.
दुसरा प्रश्न मला सुचला होता. तो न विचारता आत आले.