मामा हो म्हणाला होता

३ मार्च

मला पोलिसाचं काम शिकवणाऱ्या क्राउससाहेबानं आज माझ्याच मामाला रस्त्यावर पाडलं. जेल्टनमामा — आईचा सख्खा भाऊ! त्याच्या गाडीचा मागचा दिवा बंद, एवढाच गुन्हा. मी आमच्या गाडीत वायरलेसवर होतो. साहेबानं विचारलं, "खाली उतरतोस का?" मामानं भुवया उचलल्या. आम्हा मार्शल बेटांवरच्या माणसांचा तोच होकार. तोंड कशाला उघडायचं? साहेबाला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. ओढलाच खाली!

मी धावलो. "साहेब, तो हो म्हणालाय!"

"मला नाही ऐकू आलं."

ऐकू कसं येईल? बघायचं असतं ते!

४ मार्च

मामावर खटला — पोलिसाला जुमानलं नाही म्हणे! शाबीत झालं तर देशाबाहेरही काढतील. इथे अमेरिकेत, आर्कान्सातल्या कारखान्यात कोंबड्या कापून बोटं वाकडी झाली त्याची!

७ मार्च

डोकं तापलंय. शाळा अर्धवट टाकून मी इथल्या सैन्यात गेलो. तिथल्या हवालदारानं माझ्या भुवया बंद केल्या. "कपाळानं नको, घशानं बोल!" बोललो. वाळवंटात यांच्यासाठी बंदूक धरली. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाबा, तू नागरिक आहेस का? परत येऊन पोलिसात गेलो तर — नागरिक नाहीस, चल फूट! बंदूक चालते, बिल्ला चालत नाही! कायदा बदलेपर्यंत मामाशेजारी उभं राहून कोंबड्या कापल्या. बिल्ला मिळाला तो काय हे बघायला?

९ मार्च

सार्जंट म्हणाले, "अजून कच्चा आहेस. साहेबाविरुद्ध साक्ष दिलीस तर नोकरी विसर."

विसरतो!

१४ मार्च

मामाच्या नातीचा पहिला वाढदिवस. आमच्यात हा लग्नाहून मोठा. मामीनं क्राउसला बोलावणं धाडलं! मी भांडलो. मामी म्हणाली, "बाळाचं कुणाशी वैर आहे का? गप वाढायला घे."

आणि तो आला! निर्लज्ज! डुक्कर, नारळाचा भात — सगळं हाणलं. वर मामा मलाच म्हणतो, "पाहुण्याला भात वाढ की रे, बिल्लेवाल्या!" सगळे खो खो हसले. मामी पोरासोरांना विचारत फिरत होती, "अजून हवं?" जिकडेतिकडे भुवया वर! क्राउस घास हातात धरून बघत बसला. बघ म्हणावं!

१९ मार्च

उद्या कोर्ट. मी खरं तेच सांगणार. बिल्ला पुसून खिशात ठेवलाय. मागतील तेव्हा तोंडावर फेकीन.

२० मार्च

कोर्टाच्या दारात क्राउसला गाठलंच. पहिली साक्ष त्याची होती. म्हटलं, "मामा हो म्हणाला होता. आत सांगणार का?"

क्राउस हसला नाही. माझ्याकडे बघत दोन्ही भुवया उचलल्या, आणि आत गेला.