पाटा बागेत, वरवंटा घरात

मी, मरुदमुत्तू सन्नासी, वय वर्षे सत्तावन्न, धंदा बंगल्याचा अप्पू, म्हणजे स्वयंपाकी, वाढपी आणि पाहुण्यांच्या सगळ्या तक्रारींचा पहिला धनी, राहणार मूंगिलतोट्टम (कागदोपत्री ग्लेन आर्डन चहामळा), हॅटनच्या वर, श्रीलंका, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या शुक्रवारी कँडीच्या इस्पितळात माझी छाती उघडणार आहेत. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत असं डॉक्टर म्हणतात. डोकं त्यांनी तपासलेलं नाही. ते ठिकाणावर आहे असं मीच जाहीर करतो. माझ्या आईचं याबाबत वेगळं मत आहे.

नोटरी न घेता मृत्युपत्र करायचं तर आमच्याकडे पाच साक्षीदार लागतात, पाचही एका वेळी हजर. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. हा नियम वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. मी ठेवला आहे.

कलम १. घर. बंगल्याच्या स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्यांत मी छत्तीस वर्षं राहिलो. त्या कंपनीच्या आहेत, म्हणून त्या कोणाला देता येत नाहीत. मात्र दाराशी लावलेलं फणसाचं झाड माझं आहे. ते बायको पुष्पराणीला. खोली रिकामी करायला सांगतील तेव्हा तिने झाडासकट करते म्हणावं आणि ते काय करतात ते बघावं.

कलम २. माझा भविष्यनिधी, बँकेचं पुस्तक, शिवणयंत्र आणि दोन्ही कोंबड्याही पुष्पराणीला. ती डोंगरउतारावर चहाची पानं खुडते, पहाटे चारला उठते. आमचे पाहुणे सहाला अंथरुणातला चहा पितात आणि खिडकी उघडून म्हणतात, "इथे किती शांत आहे!" तोवर दोनशे बायका डोंगर चढून गेलेल्या असतात.

कलम ३. मळ्याचे कारकून श्री. सूसै यांना माझ्या कॅरामेल पुडिंगची कृती. मी साहेबांच्या टेबलावरचं उरलेलं पुडिंग खातो अशी तक्रार त्यांनी १९९४ साली लेखी केली होती. मी खात होतो. कृतीत एक जिन्नस मुद्दाम लिहिलेला नाही. सूसै साक्षीदार व्हायला फार उत्सुक होते, पण आता त्यांना मृत्युपत्रातून पुडिंग मिळालं आहे, त्यामुळे नियमाने त्यांना येता येत नाही. वाईट वाटतं.

कलम ४. माझा पितळी बटणांचा पांढरा कोट माझ्यासोबत पुरू नये. भिंतीवर फोटो लावायचा तर साध्या शर्टातला लावावा. हातात ट्रे असलेला अजिबात नको. मेल्यावरही कोणीतरी "अप्पू, जरा पाणी" म्हणेल.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

बंगल्याच्या बागेत, कॅमेलियाच्या झाडाखाली एक उभा दगड आहे. त्याच्यापुढे पाटी आहे: "लेडी अमेलिया, १८९१. या बंगल्यात तिचा विरह अजून वावरतो." पाहुणे तिथे मेणबत्त्या लावतात, फोटो काढतात. तीन नंबरच्या खोलीत झोपणाऱ्यांना मध्येच तिचा गार श्वास लागतो आणि ते वहीत तसं लिहून जातात.

अमेलिया नावाची कोणी बाई या बंगल्यात कधी राहिली नाही. गार श्वास खिडकीच्या सैल काचेतून येतो. विडीच्या पाकिटाची घडी करून फटीत घातली की भूत जातं, काढली की येतं.

तो दगड म्हणजे मसाला वाटायचा पाटा आहे. त्याच्याखाली माझी आजी आहे. तेय्वानै तिचं नाव. ती चहा खुडायची आणि खुडून आली की बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून साहेबांच्या रश्शाचा मसाला वाटायची. १९५३ च्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मळ्याच्या स्मशानाची वाट दरडीखाली गेली होती. तीन दिवस वाट पाहून आजोबांनी हात जोडले, तेव्हाच्या इंग्रज दोरैने बागेचा कोपरा दाखवला. (दोरै म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब. माणसं बदलतात, शब्द तोच.) तिच्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून आजोबांनी तिचाच पाटा उभा रोवला. माझी आई, पेचियम्मा, तेव्हा आठ वर्षांची होती. आज तिच्याशिवाय ते बघितलेलं कोणी जिवंत नाही.

बंगल्यात पाहुणे ठेवायला लागले त्या वर्षी तो कोपरा सपाट करून टेनिसचं मैदान करायचं ठरलं. नेमका तेव्हा इंग्लंडहून एक निवृत्त मास्तर आला. त्याने दगडावर कागद धरला, कोळसा घासला आणि ओरडला, "अक्षरं आहेत!" ती टाकी लावल्याच्या खुणा होत्या. तीन घाव तिरके जुळून आले की इंग्रजी A होतो, हे मला त्या दिवशी कळलं. उरलेलं नाव आणि साल मास्तरने मनाने जुळवलं. मला विचारलं, "अप्पू, ही अमेलिया कोण?"

मी खरं बोललो असतो तर पाटा उपटला गेला असता. मी म्हणालो, "बिचारी फार लवकर गेली, सर." टेनिसचं मैदान रद्द झालं. कुंपण आलं, पाटी आली. तेव्हापासून आजी सुरक्षित आहे, फक्त ती इंग्रज आहे.

आई रोज तिथे एक फूल ठेवते. पाहुणे म्हणतात, जुनी माणसं किती इमानी!

आता आमचे दोरै श्री. निरोशन वीरकोडी यांनी ठरवलं आहे की अमेलिया दिवाणखान्यात आणायची. शेकोटीशेजारी, दिवे लावून. खालची जागा खणून तिथे गरम पाण्याचा हौद. तिच्या शांतीच्या प्रार्थनेला पाद्रीही सांगून ठेवला आहे. खणणं येत्या सोमवारी.

कलम ६. पाट्याचा वरवंटा सत्तर वर्षं आमच्या घरात आहे. तो माझी मुलगी तमिळसेल्वी हिला, जी मळ्याच्या शाळेत शिकवते आणि घरीही. माझ्या मृत्यूनंतर तिने हे पाकीट उघडावं, कलम ५ दोरैंना वाचून दाखवावं, आणि पाट्याच्या खळग्यात वरवंटा बसवून दाखवावा.

इथवर लिहून मी हे काल आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"सोमवारी खणणार ना रे?"

"हो."

"आणि तू मरणार कधी?"

"मेलोच तर शुक्रवारी."

"मग तोवर माझ्या आईने काय दिवाणखान्यात शेकत बसायचं? आणि वाचलास तर? मेल्यावर खरं बोलणार म्हणे! वा रे माझा वाघ!"

तमिळसेल्वी म्हणाली, "अप्पा, तारखेचा हिशोब माझ्या तिसरीच्या पोरांनापण जमतो."

चूक हिशोबाची नव्हती. पंधरा वर्षं ज्यांना हसून खोटं वाढलं, त्यांच्या तोंडाकडे बघत खरं सांगायची मला भीती वाटत होती. नोकरीही जाईल ही भीती होतीच. सबब कलम ६ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द केवळ वरवंट्याच्या मालकीपुरते समजावेत. वाचून दाखवायचं काम मी आज स्वतः केलं. ते असं.

दुपारी आम्ही तिघं बंगल्यावर गेलो. मी सवयीने मागच्या दाराकडे वळलो. आईने हाक मारली, "तिकडे कुठे? मसाला वाटायला आलोय का?" आणि ती पुढच्या पायऱ्या चढून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा. तांदळाच्या गोणीतला वरवंटा तिने मांडीवर घेतला.

दोरै बाहेर आले. "अप्पू, हे काय? कोणी गेलं का?"

"अजून नाही, दोरै. आधीच आलोय."

मी कलम ५ वाचलं. दोरै बागेकडे वळले.

"म्हणजे अमेलिया नाहीच?"

"नाही."

"आणि तीन नंबरमधला गार श्वास?"

मी खिशातून विडीचं पाकीट काढून दाखवलं.

"अरे, इंटरनेटवर तिचं अख्खं पान आहे, अप्पू!"

आई म्हणाली, "मग बरंच झालं की. पान तयार आहे, नाव तेवढं बदला."

आम्ही दगडाशी गेलो. तमिळसेल्वीने वरवंटा खळग्याला लावला. तो बसला. आईने वाकून तो दोनदा वर-खाली फिरवला आणि थांबली. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज माझ्या आधीच्या काळातला होता. मला तो ठाऊक असायचं कारण नाही, पण मी तो ओळखला. दोरैंनी टोपी काढली. मग हळूच विचारलं, "हिचं... भूत वगैरे दिसतं का?"

"दिवसभर चहा खुडून, वर तुमचा मसाला वाटून झोपलेली बाई आहे ती," आई म्हणाली. "तिला कोण उठवणार?"

दोरै म्हणाले, सोमवारचं खणणं थांबवतो, हौद दुसरीकडे बघू. पाटीचं मात्र कोलंबोला वरच्यांना विचारावं लागेल. आई म्हणाली, "विचारा की. तोवर पाटी आमच्या गोणीत राहील." वरवंटा गेल्यामुळे गोणी रिकामी झाली होती.

माझी नोकरी राहिली की गेली, हे दोरै बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला काय आहे एवढं त्यांनी विचारलं.

कलम ७. मी परत आलो तर पाहुण्यांना तेय्वानैची गोष्ट मी सांगेन. न आलो तर तमिळसेल्वीने सांगावी, आणि तीन नंबरची काच पक्की बसवून घ्यावी. वरवंटा आता पाट्यापाशीच राहील, मालकी तिचीच. मला मळ्याच्या स्मशानात पुरावं. वाट सध्या चांगली आहे.

कोऱ्या कागदाच्या सहा पानांवर स्वतःच्या हाताने लिहिलं. खाडाखोड आहे ती माझीच. सही पाचही साक्षीदारांसमोर केली.

(सही) मरुदमुत्तू सन्नासी
ग्लेन आर्डन बंगला, पुढचा व्हरांडा
शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार:
१. आंडियप्पन, पोस्टमन.
२. करुणावती, दवाखान्यातल्या सुईण.
३. वेलुच्चामी, मारियम्मन देवळाचे पुजारी.
४. निरोशन वीरकोडी, मॅनेजर. (सही करण्यापूर्वी "यात मला काही मिळतं का?" असं विचारलं. काही नाही असं कळल्यावर केली.)
५. पेचियम्मा. डाव्या अंगठ्याचा ठसा. कॅमेलियाखालच्या तेय्वानैची मुलगी. या मृत्युपत्रातून हिला काहीही मिळालेलं नाही.