फळ्यावरचं वाक्य

रविवार, १० ऑगस्ट

सौ. वहिनीस,
धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

लेक आणि नात दोघी सुखरूप आहेत हे कळलं, जीव भांड्यात पडला. नात कुणावर गेलीय? आपल्या घराण्याचं नाक नसलं म्हणजे मिळवली. इकडे दुकान बरं चाललंय. नवी खुर्ची आणली, पण गिऱ्हाइकं जुन्याच खुर्चीसाठी खोळंबून बसतात. फळ्यावर माझं रोजचं वाक्य असायचंच. मध्यंतरी लिहिलं होतं, ‘ज्याला केस कमी, त्याच्या सूचना जास्त.’ एक टक्कलवाले रुसले, बाकी सगळे खूश.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, ‘हे असे तुटक का बोलतात हो?’ मी ‘दादा थकला असेल’ म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायला तोंड उघडेना, म्हणून हा कागद.

लेकीकडे जाण्याआधी तुम्ही मला सांगितलं होतंत की दादाची नोकरी गेलीय, तरी तो रोज इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन निघतो आणि दिवसभर वाचनालयात बसतो. तुम्हाला हे कळलंय याचा त्याला पत्ताही नाही. ‘कुणाला बोलू नका, भावजी,’ म्हणालात.

मी बोललो नाही. मी लिहिलं.

‘नोकरी सुटते, डबा सुटत नाही.’

वाक्य सुचलं आणि हाताला दम निघेना. नाव कुठं घालतोय, अशी मनाची समजूत घातली. दुकानात हशा पिकला. शेजारच्या मास्तरांनी तर दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा दादा दारात उभा होता, खांद्याला पिशवी. दाढी करायला आला होता.

तोही हसला, वहिनी. सगळ्यांहून मोठ्यानं. ‘झकास जमलंय रे,’ म्हणाला, आणि दाढी न करताच गेला.

तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही.

काल संध्याकाळी गेलो. दार उघडून तो पाठमोरा झाला. मी उंबऱ्यातच उभा.

‘दादा, चुकलं माझं.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘मीच पाहिलं तुला वाचनालयात,’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण एरवी पावलोपावली वाक्यं सुचणारा मी, गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यातच त्याला तुमचं नाव कळलं.

त्यानं विचारलं, ‘सांगताना ती हसली?’

‘रडली.’

तो खाटेवर बसला. म्हणाला, ‘आणि मी तिला रोज रात्री ऑफिसातल्या गमती सांगायचो. साहेब असं म्हणाला, कारकून तसं म्हणाला. ती पोट धरून हसायची रे.’



वहिनी, माझ्यावर हवं तेवढं रागवा. मला उत्तर धाडलं नाहीत तरी चालेल. पण त्याला फोन करा. तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं हे त्याला उमगत नाहीये, आणि ते शिकवायची लायकी माझी नाही.

तुम्ही विश्वासानं सांगितलंत, त्याचं हसं करणारा,
धाकटा