नाक्याच्या पाटीवर दोन विहिणी

माघ वद्य, रविवार

मुरुमच्या मानकरीण, आमच्या लेकीच्या सासूबाई, विहीणबाई दगडाबाई यांच्या चरणांशी नाक्याच्या सारजाबाईचा रामराम पोचावा. (चरण हा शब्द लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं घातला आहे. मी नुसता रामराम सांगितला होता. पण आता शाई वाळली, असू द्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुळजा सांगत होती की उजवा बरा आहे आणि डावा तुमच्यासारखाच हेका धरून बसलाय. एरंडाचं पान गरम करून बांधा. जावईबापू बलभीमरावांना आशीर्वाद, नातवंडांच्या तोंडावरून हात फिरवा, आणि तुळजेला सांगा की आईची तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं तापलंय. ते का तापलंय हे सांगण्यासाठीच हे पत्र.

आधीच सांगून ठेवते की माझं डोकं तापवणारा आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (लग्नात तुम्ही ते चारशे माणसांपुढं गाऊनही दाखवलं होतं). सून माहेरी गेलीय, मास्तर रजेवर आहेत, त्यामुळं ज्याची तक्रार करायची त्या गफारलाच समोर बसवून सांगावी लागतेय. मी लबाड म्हणलं तर हा भोळा लिहील, म्हणून दर चार ओळींनी वाचून घेते. निजामाच्या शाळेत हा उर्दू शिकला, मराठी अक्षर मोठेपणी गिरवलं, त्यामुळं पाटलाच्या वरताण शुद्ध लिहितो. मी 'म्या' म्हणलं की 'मी' करतो. पत्रात असंच लिहितात, म्हणतो. पत्र माझं, राग माझा, आणि बोलायचं कसं ते हा ठरवणार.

गफार तुम्हाला आठवत असेल. लग्नाला तुम्ही सोलापूरवरून फिरून आलात तेव्हा तुमच्या वऱ्हाडाची गाठोडी नाक्यावर सोडून बघणारा शिपाई तो हाच. तेव्हा नाक्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज, आणि चोळीचा खण नेला तरी करोडगिरीची जकात भरायची. मग राज्यं एक झाली, करोडगिरी उठली, साहेब उठले, वजनकाटा उठला. गफार तेवढा उठला नाही. त्याला तिकडं मोजणीखात्यात घेतलं, पण नाक्याच्या मोठ्या खोलीची किल्ली कुणी परत मागितली नाही आणि यानं आपण होऊन दिली नाही. चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, हा आत बसून एकटाच बुलबुलतरंग वाजवू लागला. दुसऱ्या गुरुवारी तबला आला. तिसऱ्या गुरुवारी माणसं आली. आता तर दारावरच्या काळ्या पाटीवर, जिथं तंबाखूला किती आणि कापडाला किती जकात ते लिहिलेलं असायचं, तिथं पुढच्या चार गुरुवारी कोण गाणार ते खडूनं लिहिलेलं असतं. दुपारी बाजार उठायच्या आधी गाणं सुरू, दिवे लागायच्या आत संपलं.

हे सगळं माझ्या भिंतीला लागून, विहीणबाई. मला कुणी विचारलं? मागच्या महिन्यात कळंबहून मुनवर कव्वालाची पार्टी आली. सात माणसं. त्यातला गाणारा एक, वाजवणारे दोन, आणि चारजण नुसते टाळ्या वाजवायला. टाळी वाजवायला कळंबहून माणूस आणावा लागतो, हे मला नव्यानं कळलं. गफारच्या घरी जागा नाही म्हणून त्यांच्या भाकरी माझ्या चुलीवर, आणि टाळ्यावाले चौघं गाणाऱ्यापेक्षा दुप्पट जेवले. त्याच्या पुढच्या गुरुवारी उमरग्याकडून शिवशरण बुवांचं कानडी भजन झालं. इथं कानडी कुणाला कळतंय? पण सगळे माना डोलवत होते, आणि ज्यांना अजिबात कळत नव्हतं ते जास्त डोलवत होते. (मी पाहिलं नाही. भिंतीला एक भोक आहे, त्यातून ऐकू येतं. कोनाड्यातला दिवा बाजूला केला की थोडं दिसतंही.)

माझ्या म्हशीचं तर वाटोळं झालंय. दर गुरुवारी धारेच्या वेळेला पलीकडं तबला सुरू होतो, तर आता तिला ठेक्याशिवाय पान्हाच फुटत नाही. बाकीचे सहा दिवस सून एका हातानं घागर बडवायची आणि दुसऱ्या हातानं धार काढायची. ती माहेरी गेल्यापासून घागर माझ्याकडं आलीय. सत्तरीच्या बाईनं रोज धारेच्या वेळी म्हशीपुढं बसून केरवा वाजवायचा. ठेका चुकला की लाथ मारते. गफार म्हणतो, आक्का, तिला कान आहे. मी म्हणलं, तिला पायही आहेत, ये तू उद्या.

असो. हे सगळं मी सोसलं. खरी आग पुढं आहे. आपल्या गावच्या महालिंगप्पा आडत्याला ती खोली करडईची पोती ठेवायला पाहिजे. त्यानं तालुक्याला अर्ज दिलाय की नाक्याची खोली म्हणजे रिकामटेकड्या पुरुषांचा अड्डा झालीय, गावची एक बाई तिथं पाऊल ठेवत नाही, आणि जिथं बायका जात नाहीत ती जागा गावाची कशी म्हणायची? आता स्वतः तहसीलदार साहेब येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी बघायला येणार आहेत. खोली गावाच्या उपयोगाची दिसली तर गावाकडं राहील, नाहीतर त्याच दिवशी कुलूप आणि करडई.

महालिंगप्पाचा मला राग आहेच, पण जास्त राग गफारचा आहे, कारण तो आडत्या खरं बोलला. चार वर्षांत एकदा तरी यानं बायांना बोलावलं का? चार वर्षं मी भिंतीला कान लावून बसतेय, माझा डावा कान भिंतीच्या गारव्यानं दुखतो, पण आक्का, आत येऊन बसा, असं याच्या तोंडून एकदा आलं नाही. (आत्ता मान वर करून म्हणाला की तुम्ही रागवाल असं वाटलं. रागवले असते. पण येऊन रागवले असते.)

मग याला अक्कल सुचली. कुठं? माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पिता पिता. दुसऱ्या दिवशी बाजारात जाते तर मिरचीवाली मला हसली, कासार हसला, पोस्टमन तर सायकलवरून उतरून हसला. विचारलं तेव्हा कळलं की नाक्याच्या पाटीवर त्या गुरुवारच्या पुढं लिहिलंय: सौंदण्याची पार्टी नाही, साताऱ्याचा फड नाही, आपल्या गावची सारजाबाई आणि मुरुमची दगडाबाई, विहिणी-विहिणींची गाणी, सर्व आयाबायांनी यावे. खडूनं, ठळक, आणि खाली फूल काढलेलं. सांगा, ज्या बाईनं जन्मात पंगतीबाहेर तोंड उघडलं नाही, तिचं नाव तंबाखूच्या जकातीच्या जागी?

मी जाऊन याला धरलं. म्हणलं, पूस. हा म्हणतो, आक्का, वीस वर्षांपूर्वी तुमच्या मांडवात मी पाणी वाढत होतो. पंगत बसली, तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलात आणि एकमेकींना गाण्यातून अशा काही शिव्या दिल्यात की लोक घास हातात धरून बसले, भात गार झाला, कुणी उठेना. तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. मी म्हणलं, ते गाणं नव्हतं, तो अपमान होता. माझ्या मांडवात माझंच मीठ खाऊन तुम्ही माझ्या अक्षराला, माझ्या नाकाला आणि माझ्या माहेरच्या बैलांना नावं ठेवलीत. मी मग तुमच्या उसन्या नथीवर गायले:

मुरुमची विहीणबाई, हिचा थाट किती मोठा,
नथ आणली उसनी, अन् नाकाचाच तोटा.

यावर लोक हसले होते. तुम्हीही हसला होता, मी बघितलं होतं. पण त्यानंतर वीस वर्षांत मी मुरुमला आले नाही आणि तुम्ही इकडं आला नाहीत, सगळा निरोप तुळजेमार्फत.

तर मी म्हणलं, दगडाबाई यायच्या नाहीत, दुसरी बाई बघ. यानं आपली बायको शरिफाबी आणून उभी केली. चांगली बाई, गळा गोड, माझ्या लेकीसारखी. परवा दुपारी माझ्या अंगणात तालमीला बसलो. मी सुरुवात केली, तिच्या आळशीपणावर एक कडवं टाकलं. तिनं उत्तरात काय गावं? आक्काच्या हाताला चव आहे, आक्काचं अंगण आरशासारखं. मी म्हणलं, अगं, शिवी दे. ती म्हणाली, आक्का, माझ्या जिभेवर येईना. मी म्हणलं, येत कशी न्हाय, नाकावरून बोल, चालीवरून बोल, मी तुला शिकवते, म्हण माझ्या मागं. मी माझ्याच नावानं एकेक शिवी सांगतेय, ती रडत रडत म्हणतेय, आवाज चढत गेला, आणि गल्ली गोळा झाली. एकानं पोलीस पाटलाला आणलं. पाटील धापा टाकत आले नि म्हणाले, सारजाबाई, इतक्या वर्षांचा शेजार, काय झालं काय? मी म्हणलं, ती मला शिव्या देत नाही म्हणून भांडतेय. पाटलांनी दोघींकडं बघितलं, पाणी मागितलं आणि तिथंच ओट्यावर टेकले.

मग त्यांनीच निवाडा केला, आणि तो बरोबर आहे. विहिणीनं विहिणीला बोललेलं ते गाणं, तेच दुसरीनं बोललं तर भांडण. तो मान देवानं एकाच बाईला दिलेला असतो आणि माझ्यापुरता तो मुरुमला जाऊन बसलाय. गावात हल्ली मला कुणी वाकडं बोलतही नाही. ओट्यावर बसले की सगळे पाया पडून पुढं जातात, जशी काही मी पिंपळाखालचा धोंडा आहे.

तेव्हा हे पत्र एवढंच कळवायला की तुमचं नाव तुम्हाला न विचारता पाटीवर गेलंय, याचा मला तुमच्याइतकाच संताप आहे. तुम्ही येणार नाही हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. इकडं सर्व क्षेम. तुमचं क्षेम कळवत जा. थोरांना दंडवत, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुम्हाला तुमच्या मानाप्रमाणं.

सारजाबाई
(हिचा अंगठा. शाई जास्त लागलीय, हात थरथरला असं समजू नये.)

ता. क. त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी उमरग्याहून निघालात तर दिवे लागायच्या आत मोटार इथं येते. तुळजेला संगं आणा. एरंड माझ्या परसात आहे.

आणखी ता. क. पाटीवर नावं लिहायला गफारला मीच सांगितलं होतं. फूलही मीच काढायला लावलं. तुमच्या नावाची सुपारी मी घेतलीय आणि ती घेतल्यावर नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणता. बाजारात लोक हसले ते मात्र खरं आहे.

तिसरा ता. क. माझ्या माहेरच्या बैलांवरचं कडवं आणखी झोंबेल असं करून आणा. या वेळी खोलीभर बाया असतील आणि साहेबही असेल. हातचं राखून गायलात तर मी लेकीला तुमच्याकडून परत आणीन.

(लिहिणार गफार याचा सलाम. एवढ्या चार ओळी आक्कांना वाचून दाखवलेल्या नाहीत. बाई, पाटी लिहिल्यापासून रोज दुपारी आक्का किल्ली मागून घेतात आणि रिकाम्या खोलीत एकट्या बसून तालीम करतात. दोन्ही बाजू स्वतःच गातात. एकीकडं उभं राहून आपलं कडवं म्हणतात, मग समोर जाऊन तुमचं. मी दाराबाहेरून ऐकतो. आजपर्यंत अकरा वेळा झालं. अकराही वेळा तुम्ही जिंकलात.)