सुट्टीतले पानभुंगे

१० सप्टेंबर
गणपतीच्या सुट्टीत कोयनानगर, दरवर्षीप्रमाणे. गारवेलीवर तांबडे पानभुंगे भरपूर. आमची नवी जात. पेपर स्वीकारला गेलाय, नुसते फोटो काढून परत यायचं होतं. पण ज्यांच्या बांधावर ही वेल आहे ते तात्या शेजारी येऊन उभे राहिले.
"ह्येच फुडं निळं हुत्यात बगा."
म्हटलं, निळी जात वेगळी, तात्या.
"कसली येगळी? तुमी गणपतीत येताय न्हाईतर दिवाळीत. मधलं कवा बगितलंय?"
तात्या हसले, मीही हसले. कराडपर्यंत येता येता हसू गेलं.

११ सप्टें.
सकाळपासून डोक्यात तेच. संग्रहातले तांबडे सगळे गणपतीतले, निळे सगळे दिवाळीतले. आधी माझ्या गाईड सरांची वीस वर्षं, मग माझी सात. नमुन्यांची एकही नळी या दोन सुट्ट्यांबाहेरची नाही. आम्ही म्हणायचो, हंगाम वेगळे म्हणजे जाती वेगळ्या. मास्तर लोक! कॉलेजच्या वेळापत्रकावर या भुंग्यांच्या अख्ख्या जीनसची वर्गवारी केली.
काल आणलेले सात जिवंत आहेत. बरणीत ठेवले, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. प्रत्येकाच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका. नंतर स्वतःला फसवायला नको.

१९ सप्टें.
पाच उरले. रंग काळपट वाटतो. उजेडाचा दोष असेल म्हणून बरणी दुसऱ्या खिडकीत ठेवली. उजेडाचा नाही.

२७ सप्टें.
निळे. पाचही. ठिपके जागच्या जागी.
दोन नर उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जननेंद्रियाच्या टोकाचा जो वाक दाखवून मी नवी जात उभी केली, तो नाहीच. कोवळे असताना मारले, म्हणून सुकताना वाकायचे. एवढंच होतं ते. पेपरच्या परीक्षकांनाही कळलं नाही, पण त्यांना मीच तसले दाखवले. रडू आलं, लॅबमध्येच.
आणि आजच पेपरचं प्रूफ यावं! सहा तारखेपर्यंत परत पाठवायचंय. पहिल्या पानावर जातीचं नवं नाव, सरांच्या बायकोच्या, काकूंच्या नावावरून. सरांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या जन्मभर काकूंनी लिहिल्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचं नाव द्यायचं, एवढं एकच सरांनी माझ्याकडे मागितलं होतं.

२ ऑक्टो.
शेवटी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "दे पाठवून. कोण बघायला जातंय कोयनेला?"
खरंच कोणी जाणार नाही. त्याचीच भीती वाटते.
सात वर्षं पाण्यात. मला यातलं काही येत नाही, कधी येतच नव्हतं.

४ ऑक्टो.
सांगली. सर पलंगावरच, बोलताना दम लागतो. गेल्या गेल्या विचारलं, "आलं का तिचं नाव छापून?"
सांगून टाकलं. तात्या, ठिपके, सगळं. त्यांच्याकडे न बघता.
मग सरांनी कपाटातला खालचा खोका काढायला लावला. त्यात एक जुनी नळी, निळे भुंगे. चिठ्ठी काकूंच्या अक्षरात:
'कोयना. दिवाळी. तांबडा एकही नाही. हेच तर ते नव्हेत?'
"हसलो होतो तिला," सर म्हणाले. "म्हटलं, तू आपली चिठ्ठ्या लिही."
आणि भिंतीकडे तोंड करून पडले. नाव ठेवू की काढू, विचारायचं धाडस झालं नाही. नळी मात्र घेऊन आले. का, ते मलाही कळलं नाही.

५ ऑक्टो.
प्रूफ उघडून बसलेय. काकूंचं म्हणणं खरं होतं असं लिहायचं, तर जात जाते, आणि जातीबरोबर त्यांचं नाव. दोनदा खोडलं, दोनदा परत आणलं. उद्या शेवटचा दिवस.
सरांचा फोन येऊन गेला. उचलला नाही. पुन्हा वाजतोय.