वापर भागिले दोन

२ मार्च, रविवार
आजपासून घरातल्या विजेच्या वापराची नोंद ठेवणार. रोज लिहायचं, मोजकंच लिहायचं.
कारण असं की आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये हरित समिती स्थापन झाली आणि मला निमंत्रक केलं. गच्चीवर सोलर बसवायचं आहे, म्हणजे लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्यावर चालेल. अर्ध्या मेंबरांना नको आहे. सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाला, "काका, तुम्ही मरोळला ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत होतात. तुमच्याशिवाय कोण समजावणार यांना?" मी स्टोअर्सला होतो. पण गेटपासवर सही माझी असायची, त्याशिवाय एकही ट्रान्सफॉर्मर बाहेर गेला नाही.
जूनच्या मीटिंगमध्ये मी बोलायचं. समितीत सध्या मी एकटाच आहे. निर्णय लवकर होतील.

३ मार्च
दीप्ती मालाडहून आली. फ्रीज उघडून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, आता आमच्याकडे चला." शकु डिसेंबरात गेली, तेव्हापासून माझी मुलगी दर खेपेला हेच बोलते. घर नीट चाललं आहे, असं मी सांगितलं. म्हणाली, पुरावा काय? ती अकाउंट्समध्ये आहे.
मी म्हटलं, विजेचं बिल. घर कसं चाललं आहे ते बिलात दिसतं. जूनच्या मीटिंगपर्यंत शंभर युनिटच्या आत आणून दाखवतो.
म्हणाली, "आणलंत तर मालाडचं नाव काढणार नाही. नाही आणलंत तर बॅग भरायची, नाटकं नाही करायची."
लगेच हो म्हटलं. एकट्या माणसाला शंभर युनिट म्हणजे चैन आहे.

५ मार्च
फेब्रुवारीचं बिल आलं. १८८ युनिट.
घरगुती ऊर्जा धोरण तयार केलं. आधारवर्ष लागतं, सगळे देश घेतात. गेल्या वर्षीचा मे महिना घेतला. तेव्हा दीप्तीची मुलं राहायला होती, २४० युनिट आले होते. म्हणजे काहीही न करता बावन्न युनिटची कपात झालेली आहे. सुरुवात चांगली.
काही वस्तूंना सूट द्यावी लागली. फ्रीज, स्वयंपाकघरातला रेडिओ, दिवाणावरचा पंखा आणि पॅसेजमधला झिरोचा बल्ब. या शकुच्या वस्तू आहेत, त्यांचा वापर माझ्या नावावर धरणं बरोबर नाही. उरलं काय, तर ट्यूब, इस्त्री आणि मोबाइलचा चार्जर. यांच्यावर कडक कारवाई करणार.

९ मार्च
झिरोच्या बल्बबद्दल लिहून ठेवतो, कोणी विचारलं तर उत्तर हवं. मी सेकंड शिफ्टला असायचो तेव्हा शकु तो चालू ठेवून झोपायची. मला चप्पल काढायला दिसावं म्हणून. मी रिटायर झालो तरी तिने बंद केला नाही. विसरली असेल. झिरोचा असल्यामुळे युनिट पडत नाही, म्हणून मीही कधी बोललो नाही.
तरी नियम तो नियम. स्टुलावर चढून तपासणी केली, फडक्याने पुसला. काचेवर बारीक अक्षरात १५ W असं आहे. दिवसरात्र चालू धरला तर महिन्याला अकरा युनिट होतात. पण मग त्याला झिरोचा कशाला म्हणतील? छपाईची चूक.
दार उघडं होतं. समोरच्या कुंदाने बघितलं. ती शकुची मैत्रीण. "भाऊजी, उतरा खाली. पडलात तर दीप्तीला फोन मलाच करायचाय." समितीचं काम आहे म्हटलं. "समितीला सांगा स्टूल धरायला," म्हणाली आणि येऊन स्वतःच धरलं.

१६ मार्च
इस्त्री पूर्ण बंद. चुरगळलेला शर्ट घालून सोसायटीच्या ऑफिसात गेलो. चंद्रप्रकाशने पाणी दिलं आणि विचारलं, "काका, बरं आहे ना सगळं?" धोरण चालू आहे म्हटलं.
मोबाइल आता वाचनालयात चार्ज करतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. तिथे एसी आहे. मोठे देश आपले कारखाने दुसरीकडे पाठवतात, तसंच हे.
मी नसताना घरी रेडिओ आणि पंखा चालू असतो. बंद घराला वास येतो, म्हणून.

२४ मार्च
गीझरचा अभ्यास केला. सवयीने दोन बादल्या निघतात. दुसरी वाया जात नाही, गार झाली की त्याच पाण्याने फरशी पुसतो. याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात.
भातही दोघांचाच लागतो. एका माणसाच्या भाताला आणि दोन माणसांच्या भाताला गॅस तेवढाच जळतो. एकट्याचा लावणं परवडत नाही.

५ एप्रिल
मार्चचं बिल २०४. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा होता, मार्च एकतीस. तुलना करणंच चूक.
वाचनालयात पेपरात लेख वाचला. आपल्या देशाचा एकूण वापर मोठा दिसतो, पण दरडोई काढला की फारच कमी निघतो. एकदम लक्षात आलं की आपलं हेच राहून गेलं होतं. दरडोई काढायला हवा!
घरी येऊन रेशनकार्ड काढलं. नावं दोन आहेत. सरकारी कागदावर जे आहे ते धरायचं. २०४ भागिले दोन, १०२.
म्हणजे फक्त दोनच युनिट जास्त आहेत. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

१० एप्रिल
एसी घेतला. धोरणाच्या विरुद्ध वाटेल, पण नाही. फाइव्ह स्टार इन्व्हर्टर आहे. साध्या एसीपेक्षा तासाला बरीच वीज वाचवतो, म्हणजे जितके तास चालेल तितकी बचत जास्त. दुकानातल्या माणसाला हे समजावलं. तो म्हणाला, "सर, असं पहिल्यांदाच कोणी सांगितलं."
शकुने तीन उन्हाळे मागे लागून सांगितलं होतं. तेव्हा धोरणात बसत नव्हता.
बेडरूममध्ये लावला. मी हॉलमध्येच झोपतो, दिवाणावर. सवय झाली आहे.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी खाली वंदनेला गेलो. गॅलरीत निळी माळ लावली, दरवर्षी शकु लावायची. सांस्कृतिक सूट.
दरवर्षी शकु खीर करून समोर द्यायची. या वर्षी मला ते जमलं नाही. अकराच्या सुमारास कुंदाच घेऊन आली. दोन वाट्या. दोन का म्हणून विचारलं. तिने वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "हात वळले हो तसे. आता खा दोन्ही."
म्हणजे कुंदाही दोनच धरते. समितीच्या पद्धतीला बाहेरून पाठिंबा मिळाला.

२० एप्रिल
माळ अजून काढलेली नाही. एलईडी आहे, काढण्याचा त्रासच जास्त.

५ मे
एप्रिल २६२. दरडोई १३१.
घाबरण्याचं कारण नाही. विकास होत असताना वापर आधी वाढतो, मग एका टप्प्यानंतर आपोआप उतरतो. आलेख काढला की पालथ्या वाटीसारखा दिसतो. मी सध्या वाटीच्या चढावर आहे.
दीप्तीचा फोन आला. बिल किती, विचारलं. कल उत्साहवर्धक आहे म्हटलं. "आकडा सांगा पप्पा." नेटवर्क नाही म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही लँडलाइनवर आहात.

११ मे
भरपाई म्हणून झाडं लावायची ठरवलं. मनी प्लँटच्या सात फांद्या सात बाटल्यांत. एका बाटलीमागे पाच युनिट माफ. कुंदा म्हणाली, बाटल्या बाथरूममध्ये का ठेवल्या, ऊन नको का? बघतो म्हटलं.

१८ मे
आज कुंदाने जरा जास्तच चौकशी केली. मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. ती भाजी घेऊन वर आली. "भाऊजी, आत पाहुणे आहेत का कोण? एसी चालू, टीव्ही चालू, रेडिओ चालू. आणि तुम्ही इथे बाहेर!"
तपासणी चालली आहे म्हटलं. दाराबाहेर किती आवाज येतो ती.
खरंच तपासत होतो. साडेसातची शकुची मालिका लागली होती. स्वयंपाकघरात रेडिओवर भावगीतं. दार लोटलेलं होतं. बाहेरून ऐकलं की सगळं ठीक वाटतं.
 कुंदा पिशवी खाली ठेवून मालिका संपेपर्यंत शेजारी बसली. मग म्हणाली, "ही सून अजून तशीच रडते का?" आणि घरात गेली.

२९ मे
भाषण तयार. पहिली दहा मिनिटं सोलर. मग माझं बिल, नमुना म्हणून. मेच्या बिलाची वाट बघतो आहे. फांद्यांपैकी चार गेल्या.

५ जून
मे ३०४. तीनशेच्या वर गेलो म्हणजे दरही वरचा लागला.
आधारवर्ष बदलावं लागेल.
दरडोई १५२. भरपाईचे पंधरा वजा केले तर १३७. सूट दिलेल्या वस्तू वजा केल्या तर शंभरच्या आत बसतं. बसवलं. दीप्तीला रविवारी मीटिंगलाच ये म्हटलं, तिथेच दाखवतो.

८ जून, रविवार
खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. दीप्ती मागच्या खुर्चीत होती.
सोलरवर चांगलं बोललो. पंप किती युनिट खातो, लिफ्ट किती खाते, गच्चीवर ऊन किती फुकट जातं. लोक ऐकत होते. एकाने विचारलं, पॅनल लावल्यावर पापड वाळत घालायचे कुठे. त्याला उत्तर दिलं.
मग फळ्यावर माझं बिल मांडलं. ३०४ भागिले दोन.
सहाव्या मजल्यावर सुयोग म्हणून नवीन भाडेकरू आला आहे. त्याला काही माहीत नाही, चांगला मुलगा आहे. त्याने हात वर करून विचारलं, "काका, दोन कोण?"
 कुंदा मागे वळून हळूच म्हणाली, "गप रे."
मी म्हटलं, रेशनकार्डावर. पुढचं वाक्य तयार होतं, पण आठवलं नाही. पेन हातात होतं. दोनाच्या पुढे काय लिहायचं होतं तेही आठवेना.
चंद्रप्रकाश उठून म्हणाला, "काकांचा मुद्दा बरोबर आहे. सोलर घेऊया. कोण कोण बाजूने?" सगळ्यांनी हात वर केले. विरोधात होते त्यांनीही. ठराव एकमताने मंजूर.
मांडणी परिणामकारक झाली असावी.

९ जून
दीप्ती काल इथेच राहिली. बिलाबद्दल एक शब्द बोलली नाही. सकाळी उठून एसी बंद केला. मग टीव्ही, रेडिओ, पंखा. गॅलरीतली माळ गुंडाळून डब्यात ठेवली. मी सूट समजावून सांगणार होतो. तिने रेडिओचं बटण बंद केलं आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिली, म्हणून नाही सांगितलं.
मग लिफ्टचा आवाज आला. आमच्या घरात तो ऐकू येतो हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

१५ जून
बॅग भरली. आठ दिवसांसाठी, असं मी म्हटलं. दीप्ती हो म्हणाली. फ्रीज रिकामा केला, दाराच्या फटीत पेपराची घडी लावून उघडा ठेवला. किल्ली कुंदाकडे. ती म्हणाली, "भाऊजी, या मात्र. समोर कुलूप बघायची सवय नाही मला."
दीप्तीने लिफ्टचं दार धरून विचारलं, "मेन स्विच बंद केलात ना?"
हो म्हटलं.

३ ऑगस्ट, मालाड
मध्ये लिहिलं नाही. इथला वापर माझ्या नोंदीत येत नाही.
दहिसरच्या आमच्या घराचं जुलैचं बिल दीप्तीच्या मोबाइलवर आलं. अकरा युनिट. शंभरच्या आत, चांगलंच आत. उद्दिष्ट पूर्ण झालं असं तिला सांगितलं.
ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "घरात कोणी नाही, मेन बंद आहे. मग अकरा कसे आले पप्पा?"
मीटरमध्ये दोष असेल म्हटलं. तक्रार करूया म्हणाली. नको म्हटलं, अकरा युनिटसाठी कशाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल खाली ठेवला.
दरडोई काढायला बसलो होतो. तेवढ्यात आकडा लक्षात आला.
म्हणजे काचेवरची छपाई बरोबर होती. आणि बल्ब अजून गेलेला नाही.