आईचं तारण

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज सुजितभाऊंचा उपदेश संपता संपेना. विषय एकच — खोटे शिक्षक. "एकदा येशूनं पापातून तारलं, तारण झालं, म्हणजे कायमचं झालं, असं जे शिकवतात ते लोकांना झोपवतात. तारण गमावता येतं! आज आहे, उद्या नसेल." नाव कुणाचं घेतलं नाही. पण आमच्या मंडळीला वर्षानुवर्षं ‘तारण कायमचं’ हे कुणी शिकवलं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. अंबाजीबाबांनी, आमच्या जुन्या उपदेशकांनी. ते आता थकले, माणगावला मुलाकडे असतात. त्यांच्या जागी सुजितभाऊ पनवेलहून आले.

मंडळी म्हणजे तरी केवढी — आमच्या पडवीत मावते. आणि तिचे वडील, म्हणजे पुढारी, आमचे हे. सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीही. मी चुलीपाशी होते म्हणून सुटले.

पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन होतं — येशूच्या देहाची आठवण म्हणून सगळ्यांनी तुकडा मोडून खायचा. दुसरीकडे पाव आणि द्राक्षरस असतो म्हणे. आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि कोकमाचं सरबत. ही रीत आईंनी पाडली, माझ्या सासूबाईंनी, बायजाबाईंनी. गावात पहिला बाप्तिस्मा त्यांचा, ह्या खाडीत. सासऱ्यांनी त्यांची भांडी अंगणात फेकली होती, तरी डगमगल्या नाहीत. आज भाकरी करायला बसवलं तर पीठ हातात घेऊन बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, "ह्याचं काय करत्यात गं?"

१० ऑक्टोबर

आई सकाळी घरात नव्हत्या. विहीर पाहिली, खळं पाहिलं, रस्त्यापर्यंत जाऊन आले.

शेजारच्या मनुबाईंनी हाताला धरून आणल्या. कपाळावर हे एवढं कुंकू, ओटीत नारळ. मनुबाई बिचारी माझ्यापेक्षा घाबरलेली. "पूनम, मी न्हाय नेली हां तिला. ढोल वाजला आनि आपल्या पायानं आली. देवीपुढं बसून गानी म्हणत व्हती. मी काय उठवू?"

नऊवारी नीट करून आईंना बसवलं. खुशीत होत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना एवढं खुशीत पाहिलं. लहानपणीची गाणी आठवली असतील. माहेरची नवरात्रं. मी कुंकू पुसायला गेले तर हात धरला — "ऱ्हाऊ दे गं. आज सन हाय." मग राहू दिलं. दुपारी घामानं आपोआप गेलं.

कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सुजितभाऊंकडे पोचला. आपल्या लोकांना शास्त्रातलं वचन पाठवायला नेट मिळत नाही, हे बरोबर मिळतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

संगतीनंतर, प्रार्थना-उपदेश आटोपल्यावर, सुजितभाऊ आईंजवळ बसले. रागावले नाहीत, हे लिहून ठेवते. पाय चेपले, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "आई, येशू कोण?"

आई जरा वेळ आठवत राहिल्या. "कुनाचा रं तो? कुठल्या गावचा?"

मला हसू आलं. सुजितभाऊंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, भाऊ, डॉक्टरांनी सांगितलंय, विसरण्याचा आजार आहे. ह्यांना, पोटच्या पोराला, त्या तात्या म्हणून हाक मारतात. तात्या त्यांचा भाऊ, तो जाऊन काळ लोटला.

"मुलाला विसरणं हा आजार आहे, ताई. प्रभूची ओळख डोक्यात नसते, आत्म्यात असते. ती गेली तर काहीतरी आतच तुटलंय. आणि देवळात बसणं — ते तर उघड मागं फिरणं."

म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. त्यांचे स्वतःचे वडील विश्वास सोडून दारूकडे परतले आणि तसेच गेले, असं त्यांनी मागे सांगितलं होतं. ह्या माणसाला वाईट म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

१६ ऑक्टोबर

अंबाजीबाबांना फोन केला. आवाज पार खोल गेलाय. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पूनम, बायजानं देवाला धरलं व्हतं का देवानं बायजाला? पोर बापाचं बोट सोडतं. बाप पोराचं मनगट धरून असतो."

मला एवढं बरं वाटलं की आईंना जाऊन सांगितलं. त्या पडवळाच्या बिया काढत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. काय बरं झालं ते त्यांनाही ठाऊक नाही.

पण खरं लिहायचं तर बाबांनी पुढेही एक वाक्य टाकलं. "कठीण वचनं शास्त्रात हायत गं. एकदा उजेड बघून मागं फिरलेल्यांची. ती खोडता येत न्हाईत. मी त्यापाशी आलो की गप बसतो." मीही त्यापाशी आले की पान उलटते. तेव्हा सुजितभाऊ ती वचनं घरून घेऊन आलेले नाहीत, एवढं मान्य करायला हवं.

तरी माणूस स्वतः मागं फिरणं आणि वाटच पुसली जाणं, ह्यात फरक आहे की नाही?

२७ ऑक्टोबर, रविवार

भात कापून झालं. ह्यांच्याशी भांडले. पेंढ्या रचता रचताच.

सुजितभाऊंनी निर्णय ह्यांच्यावर सोडलाय. येत्या प्रभुभोजनात आईंना भाकरी द्यायची की नाही, ते मंडळीच्या वडिलांनी ठरवावं. शहाणा माणूस. साप पण मरावा आणि काठी दुसऱ्याच्या हातात असावी.

मी म्हटलं, तुमची आई आहे. ह्यात ठरवायचं काय?

"म्हनूनच. हर्षद दारू पीत व्हता तवा मीच त्याला भाकरी बंद केली. त्याची बायको माझ्या पाया पडली, तरी न्हाय दिली. आता माझी आई म्हनून येक न्याय आनि त्याला येक?"

हर्षद शुद्धीत पीत होता, म्हटलं. आईंना आपण काय करतो ते कळत नाही.

"मग भाकरी कसली ते तरी कळतंय का तिला?"

मी पुढची पेंढी पुढ्यात सरकवली. ह्यांनी पेंढी इतक्या जोरात आवळली की बंद तुटला. आत फार काहीतरी चाललंय ह्यांच्या. पण विचारलं तर म्हणणार, काय न्हाय.

३ नोव्हेंबर, रविवार

आज प्रभुभोजन झालं.

सगळे पडवीत ओळीनं बसले. ताट ह्यांच्या हातात. एकेकाला तुकडा देत आले. मी मनात म्हणत होते, देतील. पोटचा पोरगा आहे, समोर आल्यावर देईलच. आईंपाशी आले, थांबले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आईंना वाटलं लग्नाची पंगत आहे. मोठ्यानं म्हणाल्या, "ए तात्या, मला न्हाय रं वाढलीस? माझं पान ऱ्हायलं."

कुणी वर बघेना. ह्यांची पाठ मला दिसत होती. आई पुन्हा म्हणाल्या, आता बारीक आवाजात, शेजारणीला — "इसरला आसंल. गडबडीत इसरत्यात."

मी माझा तुकडा मोडला आणि अर्धा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाल्या.

सुजितभाऊंनी प्रार्थना पुरी केली. जाताना मला म्हणाले, "ताई, प्रभूचा देह न ओळखता खाणारा स्वतःवर न्याय ओढवून घेतो. तुम्ही प्रेमानं दिलंत, पण काय दिलंत त्याचा विचार करा." मला काही महिने प्रभुभोजन न घेता बाजूला बसायला सांगितलंय. बसेन की. आईंच्या शेजारी जागा आहे.

४ नोव्हेंबर

हे जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. लेक साक्षी नेरूळहून आली, केक आणला. तिला सगळं सांगितलं. "मम्मी, टेन्शन नको घेऊस ना. गॉडला काय डोकं नाही का?" एवढं बोलून आज्जीच्या केसांना तेल लावत बसली. शिकल्यासवरल्या पोरींचं बरं असतं. दोन वाक्यांत निकाल.

आईंना ताप आहे. केक चाटला थोडा. ह्यांना "तात्या, बस रं जरा" म्हणाल्या. हे बसले. बराच वेळ त्यांचा हात स्वतःच्या हातात घेऊन बसले होते. मी आले तशी हात सोडला आणि उठून गेले. मी यायला नको होतं.

१७ जानेवारी २०२५

आई दुपारी गेल्या.

मी वाट बघत होते. एक शब्द. एखाद्या गीताची ओळ, प्रभूचं नाव, काहीही — सुजितभाऊंच्या तोंडावर मारायला. ह्यांना द्यायला. खरं म्हणजे मलाच हवा होता. हे उशाशी होते, त्यांची नजर आईंच्या ओठांवर. तेही तेच शोधत होते, मला कळत होतं.

नाही आला. पाणी मागितलं. "भात झोडून झालं का?" विचारलं. मी हो म्हटलं. "मग पाखडून घ्या," म्हणाल्या. मग काही नाही.

१८ जानेवारी

माती दिली. सुजितभाऊंनी सगळं नीट केलं. खड्ड्यात उतरून पेटी धरली, चिखलात गुडघे भरले. मनुबाई आणि तिच्याकडची माणसंही आली, लांब उभी राहिली.

आपल्यात गेलेल्या माणसाला वारला म्हणत नाहीत. प्रभूत झोपला म्हणतात. लहान पोराच्या मातीलाही म्हणतात, हर्षदचा बाप गेला तेव्हाही म्हटलं. ते शब्द आले की रडणारी माणसं जरा सावरतात. उठेल म्हणून खात्री असते त्यात.

सुजितभाऊ म्हणाले, "आपली बहीण बायजा काल वारली. तिचा न्याय न्यायी देवाच्या हाती आहे."

बस. एवढंच. खोटं बोलवेना त्यांना, हे मी समजू शकते. पण ह्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पुढचा शब्द येईल म्हणून मूठभर माती हातात धरून थांबले. सगळे थांबले. मग मागून कुणीतरी खोकलं, आणि ह्यांनी माती टाकली.

मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. प्रभूत झोपली. दोनच तर शब्द. घरी आल्यावर मोरीत उभी राहून म्हटले. मोरीत म्हणून काय उपयोग?

२६ जानेवारी, रविवार

आज मी ठणकावून बोलले. संगतीत, सगळ्यांसमोर, सुजितभाऊंना. आई तारलेल्याच आहेत. देवानं धरलेलं माणूस निसटत नाही — आजारानं नाही, देवळात बसल्यानं नाही, तुमच्या एका शब्दानं तर नाहीच. जो ह्याच्या उलट शिकवतो तो खोटा शिक्षक, मग तो कितीही रडून शिकवो. दोघी-तिघी बायका रडल्या. हर्षदच्या बायकोनं माझा हात धरला. सुजितभाऊ खाली बघत होते.

हे कोपऱ्यात होते. मला वाटलं, ऐकून बरं वाटलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

माणसं पडवीत जमली. हे उठले आणि मागच्या दारानं वाडीत कुंपण घालायला गेले. मी मागं गेले. म्हटलं, प्रभुभोजन आहे, ताट कोण धरणार? काठी रोवता रोवता म्हणाले, "आईला जिथं धाडली तिथंच मला जायचंय. मी प्रभूला सोडला, पूनम. ती इसरली व्हती. मी इसरलो न्हाय, मी सोडला." आवाज अगदी शांत. शुद्धीत, विचार करून. आईंसाठी मी साऱ्या मंडळीशी भांडले की तारण कधी जात नाही म्हणून — आणि आज ह्यांच्यासमोर उभी राहून ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना.